म्हातारी मांजर मुद्दाम करत नसते

(युवा अभ्यास बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीसाठी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, म्हाताऱ्या मांजरीवर बोलेन. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे संयोजकांना एआय, नोकऱ्या, असं काहीतरी अपेक्षित होतं. पण इथं बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी मांजर आहे, असं विचारलं तर बरेच हात वर येतील. आपल्या मोहल्ल्यांत मांजर ही काही नवी हौस नाही. मटणाच्या दुकानाच्या पायरीवर, दर्ग्याच्या ओट्यावर, जिन्याखाली ती असतेच. कुत्रा घरात घ्यायला आपल्याकडं बरेच जण कचरतात. मांजरीला मात्र उंबरठा मोकळा असतो.

पिल्लू असताना ती सगळ्यांनाच हवी असते. प्रश्न उभा राहतो तो चौदा-पंधरा वर्षांनी, तीच मांजर वेगळं वागायला लागते तेव्हा. त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. म्हणून मला जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकते. म्हाताऱ्या मांजरीचं वागणं बदललं, तर तिचा स्वभाव बिघडला असं समजू नका. बहुतेक वेळा तिचं शरीर काहीतरी सांगत असतं, आणि ते काय आहे हे बऱ्याचदा शोधता येतं.

आमच्या मांजरीचं नाव बिजली. २०१० साली अब्बांना ती रिक्षाच्या मागच्या सीटखाली सापडली, मुठीएवढी. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. पावसात गारठलेलं ते पिल्लू आठवड्याभरात फ्रीजवरून कपाटावर उड्या मारायला लागलं, म्हणून अब्बांनी नाव ठेवलं बिजली. अब्बा जाऊन आता सहा वर्षं झाली. रिक्षा विकली. बिजली राहिली. अम्मी, धाकटा भाऊ, मी आणि ती, असं आमचं घर.

मागच्या वर्षी तिच्यात चार बदल दिसायला लागले. एक, ती कपाटावर जायची बंद झाली. दोन, पाणी जास्त प्यायला लागली. तीन, रात्री दोन-तीनला पॅसेजमध्ये भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं ओरडायला लागली. आणि चार, ट्रे सोडून बाहेर लघवी करायला लागली.

या प्रत्येक गोष्टीचा घरात आणि शेजारात अर्थ लावला गेला. कपाटावर जात नाही, कारण आळशी झाली. पाणी पिते, कारण उन्हाळा आहे. रात्री ओरडते, कारण तिला काहीतरी दिसतं. ‘मांजरींना जिन्न दिसतात,’ असं खालच्या मजल्यावरच्या एका काकींनी अगदी खात्रीनं सांगितलं. आणि बाहेर लघवी करते, कारण रागावली आहे, बदला घेते.

हे सगळं कदाचित असंच चाललं असतं. पण एके दिवशी तिनं अम्मीच्या जानमाजवर लघवी केली. आठवड्यात पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा.

तुमच्या लक्षात येईल की इथं प्रकरण नुसतं धुण्यापुसण्याचं राहिलं नाही. मांजरीचं तोंड लागलेलं पाणी आपल्याकडं नापाक मानत नाहीत, तिचा केस कपड्याला लागला तर कोणी नमाज सोडत नाही. पण लघवी ही नापाकच. अम्मी पाच वेळची नमाजी. ती जानमाज अब्बांनी हजहून आणलेली. तिसऱ्या वेळेला अम्मी रडली. मामू आले होते, ते म्हणाले, ‘पोत्यात घाल आणि मच्छी मार्केटला सोडून ये. तिथं खायला तरी मिळेल.’ अम्मी ‘नको’ म्हणाली नाही.

मच्छी मार्केटचा हा सल्ला तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. तो देणाऱ्याला आपण दयाळूपणाच करतोय असं वाटतं. पण मांजर ही जागेला बांधलेली असते. तिला तिचे कोपरे, वास, वाटा ठाऊक असतात. पंधरा वर्षांची मांजर म्हणजे माणसाच्या हिशेबात साधारण ७६ वर्षं. या वयात तिला अनोळखी बाजारात टाकलं, जिथं प्रत्येक गाळ्यावर दांडग्या बोक्यांचा ताबा आहे, कुत्री आहेत, गाड्या आहेत, तर ती मासे खात बसत नाही. एखाद्या फळकुटाखाली लपते आणि उपाशी मरते. मामूंना मी हे सांगितलं. अम्मीकडं मी दोन आठवडे मागून घेतले.

माझ्या कामात एक साधी सवय असते. ग्राहक म्हणतो, ‘तुमचं सॉफ्टवेअर कधीही बंद पडतं.’ कधीही म्हणजे कधी, हे तो सांगू शकत नाही. मग आपण नोंदी बघतो. किती वाजता, कोणत्या स्क्रीनवर, त्याआधी काय झालं. नोंदी बघितल्या की ‘कधीही’ असं काही उरत नाही. एक ठरावीक वेळ आणि ठरावीक कारण दिसायला लागतं.

मी शाळेची दोनशे पानी वही घेतली. तारीख, वेळ, काय झालं, कुठं झालं, त्याआधी ती काय करत होती, असे रकाने आखले. पाणी मोजून ओतायचं आणि उरलेलं मोजायचं. भावानं त्याचा जुना मोबाइल ट्रेच्या समोर कॅमेरा म्हणून लावला. नाइट शिफ्ट असल्यामुळे रात्रीच्या ओरडण्याच्या नोंदी त्यानं ठेवल्या, थोड्या शिव्या देत.

चौदा दिवसांत ट्रेच्या बाहेर ११ वेळा. त्यातल्या ९ वेळा लांब झोपेतून उठल्यावर लगेच. प्रत्येक वेळी मऊ गोष्टीवर: जानमाज, पायपुसणं, गोधडी. फरशीवर एकदाही नाही. आणि कॅमेऱ्यात जे दिसलं त्यानं सगळं चित्र बदललं. ती आधी ट्रेकडंच जात होती. कडेवर पुढचे दोन पाय ठेवायची, थांबायची, मागचं अंग उचलायचा प्रयत्न करायची, आणि मागं फिरायची. मग जवळात जवळ जे सपाट आणि मऊ असेल तिथं जायची. अम्मीच्या खोलीत ट्रेपासून चार पावलांवर जानमाज अंथरलेली असायची.

तो व्हिडिओ मी अम्मीला दाखवला. तिनं तो तीनदा बघितला.

मग आम्ही डॉक्टरांकडं गेलो, अम्मीसुद्धा आली. वही बघून डॉक्टर खूश झाले, कारण बिजली दवाखान्यात टेबलावर दगडासारखी बसून होती. मांजरी दुखणं लपवतात. त्या शिकार करतात तशा मोठ्या जनावरांची शिकारही होतात, त्यामुळे दुबळेपणा दाखवणं त्यांना परवडत नाही. दवाखान्यातल्या दहा मिनिटांत त्या काही सांगत नाहीत, घरातल्या वहीतून सांगतात.

डॉक्टरांनी ज्या क्रमानं विचार केला तो तुम्हाला सांगते, कारण तो कोणत्याही म्हाताऱ्या मांजरीला लागू पडतो. पाणी जास्त, लघवी जास्त, वजन कमी: आधी किडनी आणि साखर तपासायची. किडनीचं सुमारे दोन-तृतीयांश काम थांबेपर्यंत मांजर बाहेरून ठीक दिसू शकते, म्हणून रक्त आणि लघवी दोन्ही बघावी लागतात. भूक भरपूर, तरी अंग झडतंय, चैन नाही, रात्री ओरडते: थायरॉईड. म्हाताऱ्या मांजरींमध्ये तो वाढलेला असणं नेहमीचं आहे आणि त्यावर गोळ्या आहेत. रक्तदाबही मोजायचा. तो फार वाढला तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळी होऊ शकते. दात, हिरड्या. कान. मग सांधे. आणि हे सगळं तपासून झाल्यावर शेवटी मेंदू.

बिजलीचं थायरॉईड ठीक निघालं, साखर ठीक, रक्तदाब ठीक. किडनीचा आजार सुरू झालेला होता, पण फार पुढं गेलेला नव्हता. पाणी ती दिवसाला अडीचशे मिलीलिटरच्या आसपास पीत होती. सव्वातीन किलोच्या मांजरीला हे बरंच जास्त आहे. आणि एक्स-रेमध्ये दोन्ही खुबे आणि कमरेचे मणके झिजलेले दिसले. संधिवात.

मांजरीला संधिवात होतो हेच अनेकांना माहीत नसतं, कारण ती कुत्र्यासारखी लंगडत नाही. ती फक्त उडी मारायची बंद होते, आणि आपण म्हणतो आळशी झाली. अमेरिकेत २००२ साली बारा वर्षांवरच्या १०० मांजरींचे एक्स-रे तपासले गेले, त्यांतल्या ९० जणींमध्ये सांध्यांची झीज सापडली. म्हणजे म्हातारपणी हे अपवादानं होत नाही, जवळजवळ सगळ्यांनाच होतं.

डॉक्टर एक्स-रेवर बोट ठेवून खुबा दाखवत होते. अम्मी म्हणाली, ‘म्हणजे हिला बसता-उठताना दुखतं?’ डॉक्टर म्हणाले, ‘हो. आणि तुमच्या ट्रेची कड सात इंच आहे.’ अम्मी पुढं काही बोलली नाही. तिचे स्वतःचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. चार वर्षं झाली, ती खुर्चीवर बसून नमाज पढते. सजद्यात जमिनीला कपाळ टेकता येत नाही याचं तिला किती वाईट वाटतं, ते आम्हाला घरात माहीत आहे.

घरी आल्यावर तिनं मोरीतला जुना प्लास्टिकचा टब काढला. सुरी गॅसवर तापवली आणि टबाची एक बाजू कापून दोन इंचांचा उंबरा ठेवला. कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावली. मी ऑनलाइन बाराशे रुपयांचा ट्रे बघत होते, त्याची गरज उरली नाही.

आम्ही घरात जे बदललं ते थोडक्यात सांगते, कुणाला उपयोगी पडेल. एका ट्रेच्या जागी दोन, एक तिच्या झोपण्याच्या जागेजवळ. वाळू बारीक आणि मऊ. जानमाज नमाज झाल्यावर घडी करून खुर्चीवर. पाण्याची भांडी तीन खोल्यांत तीन, कारण किडनी कमजोर झाल्यावर पाणी कमी पडता कामा नये. पाणी जास्त पिते म्हणून भांडं उचलून ठेवणं हा घातक उपाय आहे. खिडकीपाशी जाड गादीचा तुकडा आणि चढायला दोन पायऱ्या, एक स्टूल आणि एक पुस्तकांचं खोकं. खोक्यात माझीच इंजिनिअरिंगची पुस्तकं आहेत. फरशी पुसायला फिनाइल बंद, ते मांजरींना विषारी असतं आणि त्या पंजे चाटतात. शिवाय डॉक्टरांनी किडनी सांभाळून वेदनेचं औषध दिलं आणि खाणं बदललं.

पहिल्या महिन्यात बाहेरची लघवी ११ वरून २ वर आली. जानमाजवर त्यानंतर एकदाही नाही. ती बदला घेत नव्हती. तिला फक्त कड ओलांडता येत नव्हती.

आता जे सुटलं नाही तेही सांगायला हवं. रात्रीचं ओरडणं सुटलं नाही. वेदनेच्या औषधानं ते कमी झालं, थांबलं नाही. कधी कधी ती दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभी राहते आणि दार तिकडून उघडायची वाट बघते. कधी खोलीच्या मधोमध थांबते, कशासाठी आलो ते विसरलेल्या माणसासारखी. डॉक्टर म्हणतात हा मेंदूच्या म्हातारपणाचा भाग आहे. माणसातल्या अल्झायमरमध्ये जे प्रथिन मेंदूत साठतं, तेच म्हाताऱ्या मांजरींच्या मेंदूतही सापडलं आहे. अकरा ते चौदा वर्षांच्या मांजरींपैकी २८ टक्क्यांमध्ये आणि पंधराच्या पुढच्या निम्म्याहून अधिक मांजरींमध्ये अशा प्रकारचा किमान एक बदल दिसतो, असं पशुवैद्यक सांगतात. हे बरं करणारं औषध नाही.

मग आम्ही काय करतो? पॅसेजमध्ये झिरोचा बल्ब लावला. फर्निचर हलवत नाही. रात्री उशिरा थोडं खायला देतो. संध्याकाळी भाऊ तिच्यासमोर दोरी फिरवतो, ती बसल्या जागेवरून पंजा मारते. आणि रात्री ती ओरडली की तिच्यावर कोणी ओरडत नाही. अम्मी तहज्जुदला उठलेली असली तर आतूनच हाक मारते, ‘बिजली, इकडं ये.’ आवाजाच्या दिशेनं ती हळूहळू येते, खुर्चीच्या पायाशी बसते आणि गप्प होते. रोज नाही. पण बऱ्याचदा.

शेवट कधी आणि कसा, हा प्रश्नही येणार आहे. त्याबद्दल घरातच आम्ही शांतपणे बोललो, तो दिवस उगवायच्या आधी. ती स्वतः खाते का, ट्रेपर्यंत चालते का, अंग चाटून साफ करते का, आमच्याजवळ येऊन बसते का, या चार गोष्टी वहीत दर रविवारी लिहायच्या असं ठरलं. चारांपैकी किती उरल्या हे वही सांगेल. मग डॉक्टरांचं ऐकायचं, आणि अम्मीला ज्यांना विचारायचं असेल त्यांना ती विचारेल. घाबरलेल्या रात्री निर्णय घेण्यापेक्षा हे बरं.

आता एक प्रश्न, जो तुमच्यापैकी कोणीतरी विचारणारच. माणसांना औषध मिळत नाही, आणि तू मांजरीवर खर्च करतेस? मामूंनी हाच विचारला. तपासण्या आणि एक्स-रे मिळून साडेचार हजार रुपये गेले. ही रक्कम प्रत्येकाला परवडेल असं मी म्हणणार नाही. अब्बांची रिक्षा चालू होती त्या काळात आम्हालाही परवडली नसती. पण हिशेब नीट बघा. वही घरातली, मोबाइल जुना, टब जुना, सुरी स्वयंपाकघरातली. सगळ्यात जास्त फरक पडला तो टबानं. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मांजर घेऊन तिथं जायला लाजायचं कारण नाही. आणि ज्या घरात मांजरीचं दुखणं ओळखायची सवय लागते, तिथं माणसाचं ओळखायला वेळ लागत नाही. बिजलीच्या एक्स-रेनंतर महिन्याभरात अम्मी स्वतःच्या गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांकडं यायला तयार झाली. चार वर्षं ती ‘वय झालं’ एवढंच म्हणत होती.

‘वय झालं’ हे निदान नाही, एवढं तरी आपण लक्षात ठेवू या. वय हा आजार नसतो. वयात आजार येतात, आणि त्यांतल्या काहींवर इलाज असतात.

कायद्याचं एक वाक्य. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा सांगतो की उपासमार किंवा वेदना होईल अशा परिस्थितीत पाळीव जनावर विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. म्हणजे कायद्याच्या भीतीनं कोणी थांबणार नाही. थांबायचं ते स्वतःच.

आणि आपल्या परंपरेत त्यासाठी पुरेसं आहे. अबू हुरैरा या नावाचा अर्थच मांजरीच्या पिल्लाचा बाप. अबू कतादा वुजूला बसले असताना मांजर आली तर त्यांनी पाण्याचं भांडं तिच्यासाठी तिरकं केलं, ही हकीकत हदीसमध्ये आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हकीकतही आपण लहानपणापासून ऐकतो. भांडं थोडं तिरकं करणं आणि टबाची कड थोडी कापणं, यात मला फार अंतर दिसत नाही.

जाता जाता काही कामाच्या गोष्टी. मांजर दहा वर्षांची झाली की वर्षातून एकदा तपासणी करा आणि महिन्यातून एकदा वजन. तिला हातात घेऊन काट्यावर उभे राहा, मग स्वतःचं वजन वजा करा. ती झोपलेली असताना श्वास मोजा, मिनिटाला तीसच्या वर सतत जात असेल तर डॉक्टरांना सांगा. दोन दिवस काही खाल्लं नाही तर तिसऱ्याची वाट बघू नका, मांजरीचं यकृत उपास सहन करत नाही. बोका सारखा बसतो पण लघवी होत नाही, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. आणि आपल्या घरातली तापाची, दुखण्याची गोळी तिला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते.

उरलेलं वहीत लिहा. दोन आठवडे पुरेत. त्या दोन आठवड्यांत मच्छी मार्केटचं नाव घरात कोणी काढलं, तर त्याला सांगा, अजून नोंदी पूर्ण झालेल्या नाहीत.